डाल्टन हायवेवर साध्या धनुष्याने पहिली कॅरिबू शिकार: बेत कसा आखू?

मुळाकाठ

नमस्कार मंडळी. मी मिनेसोटात डुलुथजवळ राहतो. साध्या रिकर्व्ह धनुष्याने शिकार करतो. साधं म्हणजे त्याला चाकं नाहीत, नेम धरायची साइट नाही, दोरी सोडायला यंत्र नाही. तीन बोटं आणि डोळा, एवढंच. आजवरची सगळी शिकार पांढऱ्या शेपटीच्या हरणांची, तीही दाट झाडीत मचाणावर बसून.

पुढच्या वर्षी अलास्कात कॅरिबूसाठी, म्हणजे तिथल्या जंगली रेनडिअरसाठी, जायचं ठरवतोय. बरोबर एक मित्र येईल, तोही धनुष्यवालाच. विमानाने दूर कुठेतरी उतरवून देणारी मंडळी आहेत, पण तो खर्च झेपणारा नाही. म्हणून फेअरबँक्सहून गाडीने डाल्टन हायवे धरून ब्रूक्स पर्वतरांगेच्या पलीकडे जावं असा विचार आहे. माझ्या खेचीला धनुष्याचा ताण ५२ पौंड भरतो. मी खात्रीने बाण मारतो तो वीस यार्डांपर्यंत, त्यापुढे मारत नाही. उघड्या माळावर एवढ्या जवळ जाता येतं का, हाच मुख्य प्रश्न. कधी जावं, कुठे थांबावं, मांसाचं काय करावं, यावरही जाणत्यांनी लिहावं.

अनघा_६५उत्तर

मी फेअरबँक्सला राहते. आमच्या घरी वर्षाचं मांस बहुतेक कॅरिबू आणि मूस या मोठ्या हरणाचंच असतं, त्यामुळे हा रस्ता ओळखीचा आहे. सुरुवात कायद्यापासून करते, कारण तुमच्यासारख्याला तो सोयीचा आहे.

डाल्टन हायवेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मैलांचा पट्टा, यूकॉन नदीपासून थेट उत्तरेच्या समुद्रापर्यंत, बंदुकीच्या शिकारीला बंद आहे. त्या पट्ट्यात फक्त धनुष्य चालतं. बंदूकवाल्याला पाच मैल टुंड्रा तुडवून पलीकडे जावं लागतं आणि तेवढंच अंतर मांस पाठीवर घेऊन परत यावं लागतं. पट्ट्यात शिकार करायची तर धनुष्य-शिकारीच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र जवळ हवं. मिनेसोटातला अभ्यासक्रम चालतो, पण तो आत्ताच उरकून घ्या, इथे येऊन धावपळ नको. चारचाकी बग्गी वगैरे रस्ता सोडून नेता येत नाही. पायीच जायचं.

कॅरिबूसाठी धनुष्याचा ताण किमान ४० पौंड आणि बाणाचं पूर्ण वजन किमान ३०० ग्रेन (साधारण १९ ग्रॅम) हवं. तुम्ही दोन्हींत बसता. बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकन नागरिकाला परवान्याचे १६० डॉलर आणि कॅरिबूच्या टॅगचे, म्हणजे एका जनावराच्या परवानाचिठ्ठीचे, ६५० डॉलर पडतात. गाइड सक्तीचा नाही. हंगाम आणि किती जनावरं घेता येतील हे मात्र त्या वर्षीच्या नियमपुस्तिकेतच बघा, जुन्या चर्चांवर विसंबू नका. इथला सेंट्रल आर्क्टिक कळप २०१० च्या सुमारास सत्तर हजारांच्या आसपास होता, २०१६ पर्यंत तो बावीस-तेवीस हजारांवर आला, आणि त्याबरोबर नियमही आवळले गेले.

रस्ता ४१४ मैलांचा, बराचसा खडीचा. १९७४ मध्ये तेलवाहिनीच्या कामासाठी बांधला आणि आजही तो ट्रकवाल्यांचाच आहे. समोरून ट्रक आला की वेग कमी करा, उजवीकडे सरका, काचेला तडा जाणार हे गृहीत धरा. भाड्याच्या बहुतेक गाड्यांना या रस्त्यावर बंदी असते, त्यामुळे खडीच्या रस्त्याला चालणारी गाडी मुद्दाम शोधावी लागेल. पूर्ण आकाराची दोन जादा चाकं घ्या. कोल्डफूट (मैल १७५) सोडलं की रस्त्याच्या उत्तर टोकाच्या डेडहॉर्सपर्यंत जवळजवळ २४० मैल पेट्रोल नाही. मोबाइलला रेंज नाही, उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र हवंच.

ह्यूस्टनकर

छान धागा. मुळाकाठ, मलाही यायला आवडेल! मी एच-१बी वर आहे, धनुष्य नुकतंच घेतलंय. गाइड लागत नाही म्हणताय, म्हणजे मीही परवाना काढू शकतो ना?

अनघा_६५उत्तर

ह्यूस्टनकर, नाही. गाइडची सूट अमेरिकन नागरिकांना आहे. अलास्काबाहेर राहणाऱ्या परदेशी नागरिकाला इथे कुठल्याही मोठ्या जनावरासाठी परवानाधारक गाइड लागतोच, कॅरिबूलाही. ग्रीनकार्ड असलं तरी हाच नियम. शुल्कही वेगळं: परवाना ६३०, टॅग ८५०, आणि गाइडचे पैसे त्यावर कितीतरी पट. परदेशी नागरिक सलग बारा महिने अलास्कात कायमच्या वास्तव्याच्या इराद्याने राहिला तर तो इथला रहिवासी धरला जातो. आमच्या विद्यापीठातले काहीजण तसेच शिकारी झालेत.

पण सोबती म्हणून तुम्ही जरूर जा. शिकारीत हात घालू नका, तळ सांभाळा, आणि जनावर पडल्यावर मांस वाहायला खांदा द्या. त्या वेळी तिसऱ्या माणसाचं मोल काय असतं ते मी पुढे लिहीनच.

मुळाकाठ

ताई, फार मदत झाली. ह्यूस्टनकर, तुम्ही आलात तर खरंच हवे आहात.

जवळ जाण्याबद्दल सांगाल का? मचाणावर बसलं की हरीण आपल्याकडे येतं. इथे झाडच नाही.

अनघा_६५उत्तर

उघड्या माळावर पाठलाग करून कॅरिबू मिळत नाही. ते चरत चरत चाललेले दिसतात, निवांत वाटतात, पण टुंड्रावर आपण पळत सुटलो तरी त्यांना गाठू शकत नाही. कळप आपल्याला ओलांडून गेला की तो गेला. म्हणून उंचवट्यावर बसायचं, दुर्बिणीतून तासन् तास बघायचं, कळप कुठल्या रेषेने येतोय ते ताडायचं आणि त्याच्या पुढे जाऊन बसायचं. नदीचा कापलेला काठ, ओढ्याकाठची विलोची झुडपं, दोन तळ्यांमधली चिंचोळी जमीन, दोन टेकड्यांमधली खिंड, अशा जागी त्यांची वाट अरुंद होते आणि वीस यार्डांची संधी तिथेच मिळते. सॅग नदीच्या काठाने अशा जागा पुष्कळ आहेत.

वारा सगळ्यात आधी बघा. कॅरिबूची नजर हरणाइतकी घात करत नाही. हललेलं काही दिसलं तर तो थांबून बघतो, कधी कुतूहलाने दोन पावलं जवळही येतो. बिथरला की एक मागचा पाय बाजूला ताणून उभा राहतो, ही खूण लक्षात ठेवा, त्या क्षणी जागचं हलू नका. पण वास लागला तर विषय संपला.

आणखी एक. खूप जवळ आले की त्यांच्या पायांचा टकटक असा आवाज ऐकू येतो. चालताना पायातला स्नायुबंध हाडावरून सरकतो, त्याचा तो आवाज. डोकं खाली घालून झुडपामागे बसलेल्या धनुर्धराला कळप किती जवळ आलाय ते या आवाजावरून कळतं. मी मान वर करून बघत नाही, आवाजावर थांबते.

नेमबाज_सातारा

मी शिकारी नाही. साताऱ्यात मुलांना धनुर्विद्या शिकवतो. आमच्या जिल्ह्यातला प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला रिकर्व्हवर खेळला आणि अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये, म्हणजे चाकांच्या धनुष्यात, जगज्जेती झाली, त्यामुळे इथे मैदानं भरलेली असतात. धनुष्याच्या अंगाने थोडं लिहितो.

मुळाकाठ, तुम्ही झाडीत शिकलात, तर तुमचा डोळा अंतर झाडांवरून मोजतो. झाड नसलं की तो फसतो. सपाट, मोकळ्या जागी सराव करा, गोठलेलं तळं किंवा कापणी झालेलं शेत. अंतर न मोजता उभे राहा, मनात आकडा धरा, बाण मारा, मग पावलं मोजा. बोथट टोकाचे बाण घेऊन चालत चालत गवताच्या गड्ड्यावर, कुजक्या ओंडक्यावर मारत जाणं हा उत्तम सराव. प्रत्येक ठिकाणी एकच बाण. शिकारीत दुसरा मिळत नाही.

गुडघ्यावर बसून, मांडी घालून, उतारावर वाकडं उभं राहून मारा. धनुष्याचं खालचं टोक जमिनीला लागतं का ते तेव्हाच कळेल. ६० इंचांच्या आसपासचं आखूड धनुष्य बसून मारायला बरं पडतं. आणि पावसाळी जाकीट घालून सराव करा. सैल बाहीला दोरी घासली की बाण डावीकडे-उजवीकडे कुठेही जातो. बाहीवर हातपट्टा घट्ट बांधा. बोटांवरचं चामडं भिजलं की बुळबुळीत होतं, दुसरं कोरडं खिशात ठेवा.

मुळाकाठ

सर, धन्यवाद. धनुष्य तीन तुकड्यांत सुटणारं आहे, विमानात नेता येईल. दुसरी दोरी आधीच ताणून, बाण मारून बसवलेली अशी बरोबर घेईन. बाण एकूण ५२० ग्रेनचे आहेत, पुढे दोन धारांचं स्थिर पातं. पिसांची काळजी आहे. टर्कीची पिसं भिजली की चपटी होतात.

नेमबाज_सातारा

बाणाचं वजन योग्य आहे, पौंडाला दहा ग्रेनच्या हिशोबाने. तेवढा जड बाण हळू जातो, पण खोल जातो आणि वाऱ्यात कमी भरकटतो. पिसांना जलरोधक भुकटी लावा आणि भात्यात त्यांच्यावर पिशवी चढवून ठेवा. पात्याची धार रोज संध्याकाळी बघा. ओल्या हवेत पोलादी पात्याला एका रात्रीत तांबूस थर येतो आणि धार मरते. धनुष्याच्या पाठीला स्नायूंचे तंतू सरसाने चिकटवलेले असतील तर असलं धनुष्य तिथे नेऊच नका. पावसात सरस सुटतो.

दगडफूल

मी पुण्यात राहते आणि मला शिकार पटत नाही, हे आधीच सांगते. वाद घालायचा नाही, मनापासून विचारतेय. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली म्हणून काळवीट तरी उरले. वरच लिहिलंय की कळप सत्तर हजारांवरून बावीस हजारांवर आला. मग हजारो मैल प्रवास करून त्यातलाच एक मारायला का जायचं?

मुळाकाठ

दगडफूल, प्रश्न योग्य आहे आणि तो मी स्वतःलाही विचारत आलोय. आमच्या घरात मांस खाल्लं जातं. ते कुठून आलं, ते जनावर कसं जगलं आणि कसं मेलं, हे मला ठाऊक असावं असं वाटतं. धनुष्य घेतो ते एवढ्यासाठी की जवळ गेल्याशिवाय काही करता येत नाही, आणि जवळ गेल्यावर जनावर नीट दिसतं. पुष्कळदा मग बाण न मारताच परत येतो. अलास्कात कळपाची गणना होते, किती घ्यायचे ते तिथलं खातं ठरवतं, आणि मी ठरलेल्या मर्यादेत एक नर घेणार. मादी घेणार नाही, नियमात बसली तरी.

अनघा_६५उत्तर

दगडफूल, थोडी भर घालते. कॅरिबूचे कळप शिकार नसतानाही मोठे चढउतार घेतात, हिवाळ्यातला बर्फाचा कठीण थर, चारा, लांडगे, बरंच काही त्यात असतं. पण म्हणून शिकाऱ्याने कसंही वागावं असं नाही. पश्चिमेचा वेस्टर्न आर्क्टिक कळप २००३ मध्ये ४,९०,००० होता, २०२३ च्या गणनेत १,५२,००० भरला. कोट्झेब्यूच्या बाजूची गावं त्यावर जगतात. तिकडे बाहेरच्या शिकाऱ्यांनी विमानाने उतरू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि केंद्र सरकारच्या तिथल्या मोठ्या क्षेत्रावर तशी बंदीही आणली गेली. मुळाकाठ डाल्टनवर, पायी, धनुष्याने, एका नरासाठी येताहेत. याला माझा विरोध नाही.

आणि पैशाचंही: अमेरिकेत १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून शिकारीच्या साहित्यावरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. धनुष्यबाणही पुढे त्यात आले. कळपाची गणना ज्या पैशातून होते त्यात हाही पैसा असतो.

दगडफूल

उत्तरं मिळाली. मत बदललं नाही, पण तुम्ही विचार करून जाताय हे कळलं. वाचत राहीन.

यूकॉनवाला

मी कॅनडात व्हाइटहॉर्सला असतो. इकडे पोर्क्युपाइन नावाचा कॅरिबूंचा कळप आहे, २०१७ च्या गणनेत २,१८,००० भरला होता. ओल्ड क्रो, फोर्ट मॅकफर्सन, अलास्कातलं आर्क्टिक व्हिलेज, ही ग्विचिन या मूळनिवासी लोकांची गावं या कळपावरच उभी आहेत. कामानिमित्त मी तिथे जातो. त्यांच्या वडीलधाऱ्यांची एक शिकवण ब्रूक्स रांगेतल्या अनाक्टुव्हुक पासच्या नुनामिउट लोकांकडेही आहे: स्थलांतरात पुढे चालणाऱ्यांना जाऊ द्यायचं. पहिल्या टोळीला आडवं जायचं नाही, तळही त्यांच्या वाटेवर ठोकायचा नाही. पुढचे बिनधोक गेले की मागचे त्याच वाटेने येतात. पुढच्यांनाच हुसकलं तर सगळा कळप वाट बदलतो आणि मागे बसलेल्या गावाचा हिवाळा कोरडा जातो.

डाल्टनवर गाडीतून कळप दिसला की लोक दार उघडून धावत सुटतात, तेव्हा हे मला फार आठवतं. मुळाकाठ, पहिली टोळी जाऊ द्या. साध्या धनुष्याला तर ते फायद्याचंच आहे. पहिल्यांनी वाट दाखवली की तुम्ही तिथे जाऊन बसा.

मुळाकाठ

हे वाचून फार बरं वाटलं. पहिली टोळी जाऊ देणार, हे बेतातच लिहून ठेवतो.

आता मांसाबद्दल सांगा. ताई, तुम्ही लिहीन म्हणाला होतात.

अनघा_६५उत्तर

हो, आणि खरं तर बेत इथूनच सुरू व्हायला हवा. मोठ्या नराचं हाडं काढलेलं मांस पन्नास किलोच्या आसपास भरतं. टुंड्रावर कापूसगवताचे डळमळते गड्डे असतात. वर पाय ठेवला तर घसरतो, दोन गड्ड्यांच्या मधे ठेवला तर घोट्यापर्यंत पाण्यात जातो. पाण्यात तरंगत्या नारळांवरून चालल्यासारखं होतं. पंचवीस किलो पाठीवर असताना तिथला एक मैल दोन तास सहज खातो. म्हणून बाण मारण्याआधी मागे वळून गाडीकडे बघायचं. दोन मैलांच्या पलीकडे, मधे ओढा असेल, तर दोघांनी बाण भात्यातच ठेवावा. तिघं असाल तर थोडं पुढे जा.

कायदा कडक आहे. मान, छाती, बरगड्या, पुढचे-मागचे फरे, पाठीचं मांस, सगळं आणावं लागतं, टाकून देणं हा गुन्हा. शिंगं मांसाच्या शेवटच्या खेपेबरोबर किंवा तिच्यानंतरच हलवायची, आधी नाही. फक्त नराची परवानगी असेल तर नर असल्याची खूण मांसाला नैसर्गिकरीत्या जोडलेली राहिली पाहिजे. शिंगं धरून चालत नाहीत, कारण कॅरिबूच्या माद्यांनाही शिंगं असतात. बाण मारण्याआधीही हेच. शिंगं बघून ठरवू नका, मागून आणि खालून दुर्बिणीने नीट बघून घ्या.

जाळीच्या कापडी पिशव्यांत मांस भरून विलोच्या फांद्यांवर हवेशीर ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गरम मांस अजिबात भरू नका, आंबतं. आतडी पडलेल्या जागेपासून मांस लांब न्या, आणि परत येताना बोलत, आवाज करत या. तिथे अस्वलं आहेत. अस्वलाला पळवणारा फवारा पिशवीत नाही, कंबरेला हवा.

गुरांचा_डॉक्टर

मी कॅल्गरीत पशुवैद्य आहे. कॅरिबू सोलताना कातड्याच्या आत पाठीवर माशीच्या अळ्या दिसतील, शरदात त्या अगदी बारीक असतात. मांसाला त्यांचा अपाय नाही. यकृतात पांढरे फोड दिसले तर तो भाग काढून टाका, कुत्र्याला कच्चा घालू नका. फुफ्फुसंही नाहीत. सांधे सुजलेले किंवा अंडकोश सुजलेला असेल तर ब्रुसेलोसिसची (माणसालाही लागणारा जिवाणूंचा आजार) शंका घ्या, सुजलेल्या भागाला सुरी लावू नका आणि तिथल्या खात्याला कळवा. हातमोजे घालूनच सोला, मांस पूर्ण शिजवून खा.

बाण कुठे मारावा यावर एवढंच: जनावर किंचित पाठमोरं, पुढचा पाय पुढे टाकलेला, तेव्हा फुफ्फुसं उघडी असतात. समोरून मारू नका. आणि कॅरिबू दाटीने चालतात. तुमचा बाण आरपार जाऊन मागच्याला लागू शकतो. मागे मोकळं दिसत नसेल तर थांबा.

अनघा_६५उत्तर

डॉक्टर, यात एक जोडते. ऑगस्ट संपता संपता टुंड्रा लाल होते. खुजी बर्च आणि बेअरबेरीची पानं रक्ताच्याच रंगाची होतात, आणि त्यावर पडलेला थेंब दिसत नाही. म्हणून बाण लागल्यावर जनावरावरून नजर हलवायची नाही. दोघांपैकी एकाने दुर्बिणीतून बघत जागेवर बसून राहायचं, ते पडेपर्यंत. मागे लगेच धावायचं नाही. मग दुसऱ्याने जावं आणि बसलेल्याने हाताने दिशा दाखवावी. थेंब ओला आहे का ते पांढरा कागद पानावर दाबून बघा.

मुळाकाठ

सगळ्यांचे आभार. आता बेत असा. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात फेअरबँक्स, तिथून अटिगन खिंड ओलांडून गॅलब्रेथ तळ्याच्या तळावर (मैल २७५) मुक्काम. तिथून उत्तरेला टूलिक आणि हॅपी व्हॅलीच्या दरम्यान उंचवट्यांवर बसून बघायचं. तोवर डास कमी झालेले असतील, नरांच्या शिंगांवरची मखमल, म्हणजे वाढीच्या काळातलं मऊ कातडं, उतरत आलेली असेल. वीस यार्ड, गाडीपासून दोन मैल, एक नर, पहिली टोळी जाऊ द्यायची. ह्यूस्टनकर येताहेत, मांस वाहायला आणि तळ सांभाळायला.

सप्टेंबरच्या मध्यापर्यंत थांबलो तर नर अधिक मोठे दिसतील असं मित्र म्हणतो. ताई, काय वाटतं?

अनघा_६५उत्तर

मोठे दिसतील, पण माज जसजसा जवळ येतो तसा नराच्या मांसाला उग्र वास धरायला लागतो, आणि अटिगनला बर्फ कधीही पडतो. खिंड ४,७३९ फुटांवर आहे. तुम्ही मांसासाठी येताय, तर ऑगस्टअखेरच बरी. त्या वेळी पाठीवर चरबीचा जाड थर असतो.

मांस मिनेसोटाला न्यायचं तर फेअरबँक्सला गोठवून मेणाच्या खोक्यांत भरा, विमानात सामानातून जातं. ह्यूस्टनकरांना किंवा मला वाटा देणार असाल तर मांस हस्तांतराचा फॉर्म भरावा लागतो, त्याच्या दोन प्रती गाडीत ठेवा. माझ्या फ्रीजरचा एक कप्पा त्या आठवड्यात रिकामा करून ठेवते. कांदा-लसूण मसाला घरात आहे, तो विमानातून आणू नका, त्या जागी दुसरी दोरी आणि जादा पाती आणा.